बातमीदारीतून व्यवस्थापनाकडे: वृत्तपत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

गोव्यातील एका मराठी दैनिकात मी सतरा वर्षे बातमीदारी आणि संपादनाचे काम केले व त्यानंतर त्याच दैनिकाचे व्यवस्थापन माझ्याकडे आले. या क्षेत्रात येणारे तरुण मला लेखणीबद्दल पुष्कळ विचारतात, पण पेपर वाचकाच्या दारात कसा पोहोचतो, याबद्दल क्वचितच विचारतात.

माझी सुरुवात सत्तरी तालुक्याचा वार्ताहर म्हणून झाली. ग्रामसभा संपेपर्यंत बसून राहणे, ठरावाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेणे आणि सरपंच व तक्रारदार या दोघांचेही म्हणणे ऐकल्याशिवाय बातमी न पाठवणे, हे तेथेच अंगवळणी पडले. नवोदितांनी किमान दोन वर्षे तालुक्यात काढावीत, असे माझे ठाम मत आहे. पणजीत राहून विधानसभेचे चाळीस मतदारसंघ पाठ होतात. सत्तरीतल्या वाळपईच्या बाजारात पेपर कोण वाचतो आणि कोणत्या पानापासून वाचायला लागतो, हे मात्र कळत नाही.

व्यवस्थापक झालो त्याच पावसाळ्यात न विकता परत येणारे अंक वाढू लागले. मजकूर कमी पडतो, असा निष्कर्ष कार्यालयात निघाला होता. मला तो पटेना, म्हणून एका पहाटे मी गठ्ठ्यांच्या गाडीत बसून डिचोलीमार्गे वाळपईला गेलो. विक्रेत्याने सुतळी कापली, वरचे चार-पाच अंक भिजून एकमेकांना चिकटले होते, ते न बोलता बाजूला ठेवले आणि मग म्हणाला, "साहेब, पोदेर (सकाळी दारावर येणारा पाववाला) येऊन गेला की लोक पेपरची वाट बघत नाहीत." तेव्हा पावणेसात वाजले होते. उशिराचे कारण शोधत गेलो तेव्हा ते आमच्याच कार्यालयात सापडले. आमच्याकडे पाने चारच्या पटीत वाढतात, त्यामुळे रात्री साडेदहाला घेतलेली अर्ध्या पानाची जाहिरात सगळी मांडणी बदलायला लावते, छपाई मागे जाते आणि गाडीही उशिरा सुटते. जाहिराती घेण्याची वेळ आम्ही सायंकाळी सातवर आणली आणि गठ्ठ्यांना प्लास्टिकचे वेष्टण घातले. काही जाहिराती हुकल्या, पण परतीचे अंक पुन्हा आटोक्यात आले.

अंकाच्या किमतीतून कागद, शाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा खर्च निघत नाही; तूट जाहिराती भरून काढतात. गोव्यात तर मराठी दैनिके आणि उद्योग यांचे नाते जुने आहे. १९६२ मध्ये निघालेला 'गोमन्तक' आणि १९७० मध्ये सुरू झालेली 'नवप्रभा' या दोन्हींमागे खाण व्यवसायातील घराणी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा या नात्याचा अर्थ मला वसुलीच्या वहीत दिसला. खाणपट्ट्यातील ट्रकमालकांच्या घरचे पेपर बंद झाले, विक्रेत्यांची थकबाकी वाढली आणि चतुर्थीच्या जाहिराती रोडावल्या. त्या विक्रेत्यांना आम्ही हप्ते बांधून दिले. मी बातमीदार असताना यांतील अनेकांच्या घरी चहा प्यायलो होतो. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणे मला त्यामुळेच शक्य झाले.

याच काळात एका मोठ्या जाहिरातदाराने, आपल्याविरुद्धची बातमी आली तर वर्षाचा करार मोडेन, असे मला फोनवर सांगितले. मी तो फोन संपादकांना कळवला नाही. बातमी छापून आली, करार गेला आणि ती रक्कम भरून काढायला आम्हाला आठ महिने लागले. व्यवस्थापनात येणाऱ्या पत्रकाराने असा दबाव स्वतःच्या टेबलावर अडवला पाहिजे, कारण तो एकदा संपादकीय विभागात पोहोचला की कोणी काही न सांगताही बातमीदाराचा हात आखडतो.

हिशेब शिकायला मला त्रास झाला, हे मान्य करतो. ताळेबंद वाचायला मी चाळिशीनंतर शिकलो. तुम्ही तो पंचविशीतच शिकून घ्यावा. आमच्याकडे रुजू होणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो संपादकीय विभागातला असो वा जाहिरातीतला, मी पहिल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीबरोबर पाठवतो आणि प्रत्येक थांब्यावर किती अंक उतरले, किती वाजता उतरले आणि आदल्या दिवशीचे किती परत आले, हे त्याच्याच अक्षरात लिहून आणायला सांगतो.