जुनं ऐतिहासिक घर आतून नव्यानं करताना खर्चाचा हिशेब कसा मांडावा

काम काढलं की सगळे पहिल्यांदा विचारतात, "चौरस फुटाला किती पडेल?" तो दर नव्या बांधकामाला ठीक आहे. जुन्या घरात पैसा भिंतीच्या पोटात, छताखाली आणि जमिनीत जातो. म्हणून आधी उघडून बघा, आकडा मग मांडा.

१. घर वारसा (हेरिटेज) यादीत, म्हणजे जतन करायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. असेल तर दर्शनी भाग, खिडक्या, छप्पर, काही वेळा आतला जिनासुद्धा परवानगीशिवाय हलवता येत नाही. परवानगीला लागणारे महिनेही खर्चातच धरा, कारण तेवढे दिवस भाडं आणि कर्जाचं व्याज चालूच राहतं.

२. जुन्या इमारतींची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. त्याची फी वाचवायला जाऊ नका. तुळई मध्यावर ठणठणीत दिसते, पण भिंतीत शिरते तिथं ओल धरून कुजलेली असू शकते. त्या टोकाला पेचकस टोचा. जेमतेम रुतून अडला तर लाकूड चांगलं आहे. सहज आत गेला तर तिथला गिलावा काढून नीट बघायला हवं. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलावी लागतेच असं नाही. पुष्कळदा खराब भाग कापून नवा तुकडा जोडता येतो, आणि दोन्ही खर्चांत मोठा फरक असतो. गिलाव्यावर बोटांनी ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथं गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो; तिथं खडूनं खूण करा आणि तेवढंच क्षेत्रफळ मोजून लिहा. जुन्या रंगात शिसं आणि पत्र्यांत किंवा पाइपांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) असू शकतं; दोन्ही आरोग्याला घातक. फोडाफोडीआधी नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते काढायला प्रशिक्षित माणसं लागतात, त्यांचा खर्च वेगळा धरा.

३. यादी कामाच्या क्रमानं करा: छप्पर आणि पाण्याचा निचरा, मग पाया-भिंती-तुळया, मग वायरिंग आणि नळ, मग गिलावा, आणि शेवटी फरशी, रंग, स्वयंपाकघर. पैसे कमी पडले तर शेवटचं थांबवता येतं, पहिलं नाही. परांची, टेकू, तात्पुरतं छप्पर आणि राडारोड्याची वाहतूक हमखास विसरली जाते. ती आत्ताच लिहून टाका.

४. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट 1824 चं, त्यामुळे त्याआधीची घरं चुन्यात किंवा मातीत बांधलेली. अशी भिंत ओल बाहेर सोडत असते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि मऊ विटा झिजू लागतात. चुन्याचं काम थराथरानं चालतं, वाळायला वेळ घेतं, म्हणून मजुरी जास्त पडते. पण सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावणं त्याहून महाग. चुन्यातला गवंडी ठरवताना त्याचं काही वर्षांपूर्वीचं काम प्रत्यक्ष जाऊन बघा.

५. तीन कंत्राटदारांना एकच यादी द्या. बंद भिंतीमागचं काम उक्तं (आधीच ठरवलेल्या एकरकमी पैशांत) देऊ नका, मोजमापावर, म्हणजे होईल तेवढ्या कामाचे पैसे मोजून द्या. उक्त्यात कंत्राटदार एक तर धोक्याचे पैसे आधीच लावतो, नाही तर मध्येच वाढवून मागतो.

६. अचानक निघणाऱ्या कामांसाठी एकूण अंदाजाच्या 20 ते 30 टक्के रक्कम बाजूला ठेवा. तपासणी नीट झाली असेल तर 20, नसेल तर 30. हे पैसे भारीतल्या टाइल्सकडे वळवू नका.

७. जुनी दारं, विटा, फरशा फेकू नका. साफ करून पुन्हा वापरता येतात. मात्र साफसफाईची मजुरी धरा.

आणि गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे नळ गळलाच तर नेमकी तेवढीच वीतभर जागा फोडावी लागेल.