पावसाळ्यात सशाची टाच जपा: बडोदे परिसरासाठी सल्ला

पाऊस बसला. आता सप्टेंबर सरेपर्यंत ससे पाळणाऱ्यांनी रोज एक गोष्ट बघायचीच: पिंजऱ्याचा तळ ओला आहे का? पायानं अधू झालेले बहुतेक ससे ओल्या गोणपाटावर बसून अधू होतात. गोणपाट वरून कोरडं लागतं, खाली लघवी धरून बसतं. वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तळहातानं अर्धा मिनिट दाबा. कागद ओलावला की गोणपाट त्याच वेळी बाहेर. उद्या ऊन पडेल म्हणून थांबू नका.

सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, फक्त दाट लव असते. ओलीनं ती चिकटते, झडते, आणि हाडावरची पातळ कातडी तळाला घासते. त्यात नखं वाढली असतील तर बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर येतो. 4 किलोच्या पुढचे न्यूझीलंड व्हाइट आणि तळव्याची लव मुळातच पातळ असलेले रेक्स या जातींच्या सशांना आधी लागतं.

बसण्यावरून ओळखा. निरोगी ससा पाय पोटाखाली घेऊन ऐसपैस बसतो, दुपारी मागचे पाय ताणून आडवा होतो. टाच दुखणारा पाठ कुबडी करतो, अंग पुढच्या पायांवर टाकतो, मागचा एकेक पाय आळीपाळीनं उचलतो, दात करकर वाजवतो. चारा दिसल्यावर उडी न मारता चालत आला, तर दोन-तीन दिवसांत टाच लाल दिसते असा अनुभव आहे. हे कुठं छापलेलं नाही, तरी टाच उलटून बघाच.

लव विरळ आणि कातडी लाल: तळ कोरडा केला की बरं होतं. पिवळट घट्टा किंवा खपली: सोलू नका. 5 टक्के पोविडोन आयोडीन (जंतुनाशक) 1 भाग, उकळून कोमट केलेलं पाणी 4 भाग. दिवसातून दोनदा पुसा, नीट सुकवा, मऊ सुक्या गवतावर ठेवा. रक्त, पू, सूज: त्याच दिवशी पशुवैद्य. उशीर झाला तर पू हाडात उतरतो, टाचेवरची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) जागेवरून सरकते आणि पाय कायमचा चपटा पडतो.

दुकानदार इथं दोन वस्तू गळ्यात मारतात. पहिली, कॅल्शियमचं टॉनिक. सशाचं आतडं कॅल्शियम वाजवीपेक्षा जास्त शोषतं, जादाचं लघवीतून पडतं. लघवी पांढरी, दाट होते, बूड आणखी ओलं राहतं. आपल्याकडचा रजकाही (लसूणघास) कॅल्शियमनं भरलेला, मोठ्या सशाला तो रोज नको. दुसरी, स्टेरॉइड मिसळलेलं मलम: जखम भरायची थांबते. अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही अँटिबायोटिक्स घरच्या घरी तोंडानं देऊ नका. आतडं बिघडून ससा दगावतो. हे पैसे सशाला बसायच्या दुसऱ्या फळीवर घाला. फळ्या दोन हव्यात, एक पिंजऱ्यात, एक पंख्याखाली सुकत.

नेहमीची कामं:
- जाळी 1.25 × 2.5 सेंमी, निम्म्या तळावर फळी
- नखं दर 4 ते 6 आठवड्यांनी, आतल्या रक्तवाहिनीपासून 2-3 मिमी सोडून
- टाच दर तिसऱ्या दिवशी, बूड रोज (माशीची अंडी एका दिवसात फुटतात, अळ्या मांसात शिरतात)
- गवत सुकं, मुबलक
- तळावर चुना नको, ओल लागली की पाय भाजतात
- विश्वामित्री नदीकाठच्या वस्तीत पिंजरा उंच ठेवा, 2024 च्या ऑगस्टचा पूर आठवा

पिल्लांच्या पेटीत गुळगुळीत कागद किंवा टाइल नको. पाय घसरून फाकतात. पकड असलेलं गवत घाला. जन्मापासून फाकलेल्या पिल्लाकडून पुढं वीण घेऊ नका.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. कानाला धरून नाही. पाय लोंबकळले की ससा लाथ झाडतो आणि स्वतःच्याच जोरानं कमरेचा मणका मोडून घेतो. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले तर ते टाचेचं दुखणं नव्हे. तेल चोळू नका, फळीवर सपाट निजवा, टॉवेलनं हलकं बांधा आणि तसंच दवाखान्यात न्या.