खाण्याच्या विकारामागची संस्कृती कशी ओळखावी

खाण्याचा विकार असलेल्या स्त्रीला समजून घ्यायचे असेल, तर ती किती खाते हे मोजण्याआधी तिच्या घरात खाण्याविषयी काय बोलले जाते ते ऐकावे. स्वतः सर्वांत शेवटी जेवणे हा जिथे चांगुलपणा मानला जातो आणि उपवासाचे कौतुक होते, तिथे तिचे न खाणे कित्येक महिने कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून थेट विचारावे: उपवास संपल्यावर ती सगळ्यांबरोबर जेवते का, आणि तो मोडावा लागला तर तिला नेमकी कशाची भीती वाटते? श्रद्धेवर मात्र टीका करू नये.

बारीक दिसण्याचा आग्रह घराबाहेरूनही येऊ शकतो. प्रशांत महासागरातील फिजी या बेटांच्या देशाच्या एका भागात 1995 साली दूरचित्रवाणी आली. 1998च्या पाहणीत विकाराची शक्यता दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेलेले दिसले. तरीही प्रत्येकीला जाड होण्याचीच भीती असते, असे मुळीच नाही. हाँगकाँगमधील अनेक रुग्णांनी पोट फुगणे किंवा भूक नसणे अशी कारणे सांगितली होती. त्यामुळे तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. चक्कर येणे, छातीत धडधडणे किंवा पाळी थांबणे आढळल्यास विलंब न लावता तपासणी करून घ्यावी.