जुन्या वस्तू जमवताय? आधी हातातला स्क्रबर खाली ठेवा

गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला फोटो पाठवले, आधीचा आणि नंतरचा, "बघा कसं चकाचक केलं" म्हणून, आणि तिन्ही वेळा मला आधीचाच फोटो आवडला. एकाला तसं सांगितलं तर तो रुसला. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, प्रत्येकाशी वेगळं वाईटपण घ्यायला नको.

जुने छापील डबे, बरण्या, पोस्टकार्डं, तिकिटं, पावत्या, काड्यापेटीची लेबलं, कुणाच्या तरी हिशोबाच्या वह्या, असलं सगळं मी बरीच वर्षं जमवतोय आणि त्यातलं बरंचसं वापरतोही. मजा कशात आहे ते सांगून कळत नाही, ड्रॉवरच्या तळाला अंथरलेल्या पिवळ्या पेपरातली अर्धवट जाहिरात उभ्या उभ्या वाचत बसलात आणि हातातलं काम विसरलात तर तुम्ही आमच्यातले, नाहीतर ही नुसती अडगळ. पण नवीन माणूस यात आला की पहिल्या आठवड्यातच अशा काही चुका करतो की त्या परत दुरुस्तच होत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आणल्या आणल्या घासायला घेणं.

ही मी स्वतः केलीय म्हणून जास्त टोचते. टाल्कम पावडरचा एक पत्र्याचा डबा मिळाला होता, उभट, वर बाईचं चित्र, केसांचा अंबाडा, मागे फुलांची वेल, आणि कडेने थोडा गंज. रात्री साडेदहाला घरी पोचलो आणि धीर कुठला धरवतोय, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन बेसिनशी उभा राहिलो. गंज निघायला लागला तसा मला जोर चढला. दहा मिनिटांनी पाणी ओतलं तर गंजाबरोबर वेल गेलेली, अंबाडा गेलेला, आणि बाईचा एकच डोळा माझ्याकडे बघत होता. बरं एवढ्यावरही भागलं नाही, जिथे मी घासलं होतं तिथेच पुढच्या आठ दिवसांत आधीपेक्षा जास्त गंज चढला.

कारण साधं आहे पण ते मला नंतर कळलं. या डब्यांचा पत्रा म्हणजे आतून पोलाद, त्याच्यावर कथलाचा अगदी पातळ थर, त्याच्यावर छपाईची शाई आणि वर वार्निशचा एक हात, बस्स. तारेची घासणी हे सगळे थर वरून खाली एकेक करून काढते आणि शेवटी उघडं पोलाद हवेला देऊन मोकळी होते, मग ते गंजणार नाही तर काय करणार. तो डबा अजून आहे माझ्याकडे, झाकण शाबूत आहे म्हणून त्यात बटणं ठेवतो, आणि घासायची हुक्की आली की तो एक डोळा बघून येतो.

आता माझी सवय अशी की नवीन आलेली वस्तू आठ दिवस एका झाकणाच्या खोक्यात. काही करायचं नाही. जी गोष्ट पन्नास वर्षं तशीच पडून होती तिला अजून आठ दिवसांनी काही होत नाही. कागद किंवा लाकूड असेल तर तेवढ्यात खोक्याच्या तळाला भुसा किंवा बारीक पूड पडलीय का तेही दिसतं, म्हणजे आत किडा आहे का ते कळतं. मग मऊ कोरडा ब्रश, मग जराशा ओल्या कापसाच्या काडीने आतल्या किंवा तळाच्या कोपऱ्यात चाचणी, कापसावर रंग आला तर तिथेच थांबायचं. गंज वाढत नसेल तर मी त्याला हात लावत नाही, वरून मेणाचा पातळ हात देतो. एवढंच. "पण मग तो जुना दिसतो ना", असं विचारणाऱ्यांनी नवीन डबा घ्यावा.

पितळेचंही तेच. घासण्याआधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे, चमकवायला गेलात की मुलामाच निघून जाईल. खरं पितळ असेल तरी बुडाखालचा शिक्का आणि कोरलेली अक्षरं पॉलिशने दरवेळी थोडी थोडी झिजतात, आणि मग आपणच विचारत बसतो की हे नेमकं कुणी बनवलंय. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असेल तर ते रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील 232 अंशाला वितळतं आणि रिकामं भांडं तेवढं तापायला वेळ लागत नाही. कल्हई उडालेलं भांडं शोभेला ठेवा नाहीतर कल्हई करून घ्या, आंबट काही त्यात घालू नका.

गाण्याच्या तबकड्या. जुन्या 78 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. विरघळते म्हणजे खरोखर विरघळते, लाकडाला जे लाखेचं पॉलिश लावतात ते असंच तर बनतं. एका ओळखीच्या माणसाने नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड स्पिरिटने साफ करायची पद्धत कुठूनतरी ऐकली आणि याच्यावर वापरली, कपडा काळा झाला तर त्याला वाटलं केवढी घाण निघतेय! घाण नव्हती, गाणं होतं ते. जड, काचेसारखी ठिसूळ आणि 78 चा आकडा असलेली तबकडी दिसली की स्पिरिट लांब ठेवा, साधं पाणी आणि साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून घ्या.

आता कागद. इथे माझा पारा जास्त चढतो.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लावू नका म्हणजे तात्पुरतीसुद्धा नाही, मागच्या बाजूनेसुद्धा नाही. आत्याने मला एक पत्र दिलं होतं, तिच्या वडिलांनी तिला लिहिलेलं, घड्यांवर विरलेलं. मी हुशारी करून प्रत्येक घडीवर मागून पारदर्शक पट्टी लावली आणि तिला दाखवलं, तीही खूश. वीसेक वर्षांनी पाकीट उघडलं तर पट्ट्या सुटून पाकिटाच्या तळाला पडलेल्या, वाळलेल्या पापुद्र्यासारख्या, पण त्यांचा गोंद मात्र कागदातच राहिला होता. तपकिरी पट्टे, आरपार, पुढच्या अक्षरांपर्यंत. घडीवर नेमकं जिथे "तुझी आई म्हणते" असं लिहिलं होतं त्याच्या पुढचे तीन शब्द आता वाचता येत नाहीत, आणि आत्या गेली, त्यामुळे ते काय होते हे सांगणारं कुणी नाही.

ही पारदर्शक पट्टी रिचर्ड ड्रू या माणसाने 1930 मध्ये काढली, आणि सुरुवातीच्या पट्ट्यांचा रबरी गोंद आधी मऊ होऊन कागदात शिरतो, मग वाळून कडक आणि तपकिरी होतो. हल्लीच्या पट्ट्या तेवढ्या पिवळ्या पडत नाहीत हे खरं, पण काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन जायचं ते जातातच. आधीच कुणी लावलेली असेल तर ओढून काढू नका, हेअर ड्रायर वगैरे प्रयोगही नकोत, जे महत्त्वाचं असेल ते कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या. मी स्वतः छोट्या फाटीला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो, चुकलं तर जराशा ओलाव्याने निघून येते. उरलेलं सगळं मी न जोडताच ठेवतो. फाटलेलं पत्रही वाचता येतं की.

लॅमिनेशनबद्दल तर बोलूच नका. लोक मोठ्या अभिमानाने "कायमचं सुरक्षित केलं" म्हणतात. गरम प्लास्टिक कागदात दाबून बसवलं की ते परत निघत नाही, आणि आतला कागद आत राहूनही आंबतच राहतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागद लाकडाच्या लगद्याचा व्हायला लागला आणि त्याच्यातच ॲसिड असतं, त्यानेच तो पिवळा आणि ठिसूळ होतो. त्याच्या आधीचा चिंध्यांचा कागद बघा, दोनशे वर्षांचा असून लवचिक. एकाने मशीनमधून निघालेली पावती आठवण म्हणून लॅमिनेट करायला दिली, ती अख्खी काळी होऊन आली, थर्मल कागद उष्णतेनेच तर छापला जातो. तिचा वेळीच फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवायची, बस. बाकी कागदांना पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट. पीव्हीसीचं नको, आणि चिकट पानांचे ते फोटो अल्बम तर अजिबात नकोत.

छोट्या छोट्या गोष्टी पटापट सांगतो. रबर बँड काढा, वितळून चिकटतात, आणि चांदीजवळ ठेवले तर त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. टाचण्या, क्लिपा, स्टेपल काढा. जुन्या दिव्याची कापडी वायर सॉकेटला लावून बघायचा मोह आवरा, आतलं रबर कडक होऊन भेगाळलेलं असतं, आधी वायर बदला. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं जुनं घड्याळ उघडून खरवडू नका, त्या रंगात रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असू शकतं, आणि चमकायचं बंद झालं म्हणजे रेडियम संपलं असं नाही. जुना कंगवा किंवा हातआरसा चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लास्टिक, ज्योतीपासून लांब ठेवा, भुर्रकन पेटतं. रंगाचे पोपडे निघालेलं जुनं खेळणं लहान मुलाच्या हातात देऊ नका, रंगात शिसं असू शकतं. माळा आणि तळघर ही कागद ठेवायची जागा नाही.

पाकिटावरचं तिकीट कापून घेणारे लोक. अरे शिक्का, पत्ता, तारीख, सगळी गोष्ट पाकिटावर आहे, तुम्ही त्यातलं नाक कापून नेलंत.

यावरून आठवलं, पोस्टकार्डाची मागची बाजू आधी बघत जा. नवीन लोक "चित्रावर कुणीतरी खरडलंय" म्हणून कार्ड बाजूला टाकतात. पूर्वी मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, मजकूर चित्राच्या कडेच्या जागेत कोंबावा लागायचा. मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये 1902 ला आली आणि अमेरिकेत 1907 ला. म्हणजे ते खरडलेलं कार्ड बहुतेक तुमच्या ढिगातलं सगळ्यात जुनं असतं, आणि तुम्ही तेच परत ठेवून आलात.

वापरण्याबद्दल मात्र मी कंजूस नाही. ज्या वस्तू दणकट आहेत त्या वापराच, काचेच्या बरण्यांत खिळे ठेवा, पितळेच्या भांड्यात आत वेगळी कुंडी ठेवून रोप लावा. पण कागद कापून ट्रेवर चिकटवायचा असेल तर आधी स्कॅन करा आणि प्रिंट चिकटवा, लांबून कुणाला फरक कळत नाही. इनॅमलचा टवका उडालेला मग असेल तर त्यात पेन्सिली, पेय नको.

आणि एक आळशीपणा सगळेच करतात, मीही केला, कुठून आलं ते लिहून न ठेवणं. आता प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी, साध्या शिसपेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई पसरते आणि दाब उमटतो. कुणाकडून, कधी, आत काय सापडलं. परवाच एक जुनी पर्स आली, तिच्या आतल्या खणात बसचं तिकीट, दुमडून दुमडून नखाएवढं केलेलं. अजून उलगडलं नाहीये. आठ दिवस व्हायला तीन दिवस बाकी आहेत.