समुद्रकाठी पोरांचा विनोदी सिनेमा करताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

कोल्हापूरला समुद्र नाही, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे. पंचगंगेत पोहलेली पोरं आणि रंकाळ्यावर कॅमेरा चालवलेली माणसं समुद्राला मोठं तळं समजतात. तळ्याचा काठ जागचा हलत नाही. समुद्राचा हलतो, आणि तीन दिवसांचं शूटिंग सोबत घेऊन हलतो.

काल चार वाजता जेवढी वाळू होती तेवढी आज चारला नसते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे तिसऱ्या दिवशी जवळजवळ पावणेदोन तासांचा फरक. एकच सीन दोन दिवसांत तोडला तर एका शॉटमध्ये होडी कोरड्या वाळूवर आणि पुढच्यात पाण्यात. कोकणातला जुना हिशोब पाठ करा: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा फक्त अंदाज. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते, तेव्हा तारीख ठरवताना भरतीचा तक्ता बघाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वर खूप चढतं आणि खाली खूप जातं. संवादांचे लांब सीन अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत (पाणी कमी चढतं, कमी उतरतं तेव्हा) लावा, आणि कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, घड्याळाशेजारी भरतीची वेळ लिहा.

दुसरा घोळ उन्हाचा. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी पोरं समुद्राकडे पाठ करून उभी राहिली की ऊन थेट डोळ्यांत, सगळी डोळे बारीक करून बोलतात. संध्याकाळी तीच मांडणी केली तर चेहरे काळे. संध्याकाळी चेहऱ्यावर उजेड परतवायला चार बाय चार फुटांचा थर्माकोल पुरतो, पण वाऱ्यात तो उडतो. दोन माणसं फक्त तो धरायला ठेवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेअखेर सातच्या आसपास. मावळतीचा सीन एकच असेल तर तालीम आदल्या संध्याकाळी, त्याच जागी. दुपारी शूट करायचंच झालं तर एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच, हवा: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ १०० असताना वाळूवरच्या उन्हात त्यानं लेन्स एफ-४ पर्यंत उघडता येते. फिल्टर नाही म्हणून शटर १/१००० केलं की लाटा आणि पळणारी पोरं झटके खात दिसतात.

एडिटिंगला बसल्यावरच कळतो तो प्रकार म्हणजे काळवंडणं. तीन दिवसांत चेहरा आणि मान दोन छटांनी उतरते. त्यामुळे किनाऱ्यावरचे सीन शक्यतो कथेच्या क्रमानंच घ्या, आणि सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून लावा, तिसऱ्या दिवशी आठवून नव्हे. आंबा किंवा गगनबावड्याचा घाट उतरून आलेल्या दिवशी चेहऱ्याचे शॉट ठेवू नका. निम्मी पोरं घाटात ओकलेली असतात.

भिजायच्या प्रत्येक सीनला त्याच कपड्यांचे तीन जोड. कोरडे शॉट आधी, ओले नंतर. उलटं केलं की केसांतली वाळू दिवसभर निघत नाही. तालीम फ्रेमबाहेर करा, नाहीतर रिकाम्या किनाऱ्यावर चाळीस पावलांचे ठसे. ठसे पुसायला एक दाताळं गाडीत टाका.

आवाजात लाट हीच अडचण. ती दर टेकला वेगळी, म्हणून कट झाला की गाज उडी मारते. संवादांचा सीन पाण्यापासून मागे सरकवा, माइकला केसाळ कव्हर घाला, आणि प्रत्येक जागी कुणीही न बोलता दोन मिनिटं नुसती गाज रेकॉर्ड करा. तीच सगळ्या कटांखाली अंथरायची. सुरूच्या बनात शिरून शांतता मिळेल असं वाटतं, पण सुरूची झाडं वाऱ्यात स्वतःच शिट्ट्या घालतात.

आता लिखाणाकडे, कारण अर्धे सिनेमे समुद्राला पोहोचायच्या आधीच बुडतात. पाच मित्र: एक जाडा, एक अभ्यासू, एक प्रेमवीर वगैरे. प्रत्येकाच्या तोंडी दर दोन मिनिटांनी ‘नाद खुळा’. तिसऱ्यांदा तो ऐकला की प्रेक्षक हसायचा थांबतो. बोली शब्दांत कमी आणि व्याकरणात जास्त असते. कोल्हापुरात मुली सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. लेखक त्याचं ‘आले’, ‘जाते’ करतो आणि शिवाजी पेठेतली मुलगी अचानक सदाशिव पेठेत जाते. तसंच गणपतीपुळ्याच्या सरबतवाल्याला मालवणी बोलायला लावू नका, तो रत्नागिरीचा आहे.

विनोदी वाक्यावर लगेच क्लोजअपला जाऊ नका. टोळक्यात हशा बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. पाचही जण एका फ्रेममध्ये ठेवा आणि वाक्य संपल्यावर दीड-दोन सेकंद थांबा. वाळूत पळणारा माणूस मुळातच विनोदी असतो, कारण पाय रुततात आणि अंतर संपत नाही. त्याला शंभर पावलांवरून पळत येऊ द्या, कापू नका.

आणि शेकोटीभोवतीचं भाषण काढून टाका. ‘आता आपण मोठे झालो रे’ हे कुठलंही पोरगं म्हणत नाही. त्याऐवजी पंचगंगेचा पट्टीचा पोहणारा गुडघाभर पाण्यात लाटेनं आपटतो, बाकीचे बघतात आणि त्या रात्री कुणीच त्याची थट्टा करत नाही. एवढं पुरे. शिवाय हिवाळ्यात वेळास, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पुढे पिल्लं उजेडाकडे वळून भरकटतात. तिथं रात्री आग आणि लाइट दोन्ही नकोत.

खऱ्या पोहणाऱ्यांची जास्त काळजी घ्या. नदीची ओढ त्यांना कळते, समुद्राची नाही. पाणी आत खेचायला लागलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडायचं. कॅमेऱ्यासाठी गुडघ्यापुढे कुणी नको, आणि स्थानिक माणूस दोर व जॅकेटसह उभा हवा. १४ वर्षांखालचा कलाकार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, सलग ३ तासांच्या वर नाही.

राहिलेले एक-दोन क्लोजअप रंकाळ्यावर उरकता येतात: कॅमेरा खाली, मागे फक्त आकाश, केसांवर पंखा, खाली रेकॉर्ड केलेली गाज. मावळतीकडे वळताना तेवढं सांभाळा, त्याच बाजूला शालिनी पॅलेसचा मनोरा उभा आहे.