छोटा अँप्लिफायर अडॅप्टरवर चालवताना

कानबाईच्या जागरणात गाणी रात्रभर चालतात, पण बॅटरीवरच्या अँप्लिफायरचे सेल मध्यरात्रीच मान टाकतात. त्याला अडॅप्टरची जागा असेल तर सेलचा खर्च वाचतो.

१. आधी सेल काढा. काही अँप्लिफायरमध्ये पिन लावल्यावरही सेल जोडलेलेच राहतात. मग ते तापतात, गळतात.

२. व्होल्ट तंतोतंत जुळवा. दीड व्होल्टचे ६ सेल एकामागे एक असतील तर ९ व्होल्टचा अडॅप्टर. १२ चा लावून बघू नका.

३. अडॅप्टरचे अँपिअर अँप्लिफायरला लागतात त्यापेक्षा जास्त चालतील, कमी नकोत.

४. पिनेच्या मधोमध अधिक आहे की उणे, ही खूण अडॅप्टर आणि अँप्लिफायर दोन्हीकडे बघा; ती सारखीच हवी. पिन नीट बसली म्हणजे जुळली असं नाही. सर्किट बहुतेक इथंच जळतं. अडॅप्टरवरची खूण पुसली असेल तर मल्टिमीटरने तपासूनच लावा.