चुन्नां, बोर, बुरगी: पाऊस लागण्याआधीची कामे

म्हापशाच्या बाजारात चुन्नां (घाटावर यांना तोरणे म्हणतात) दिसू लागली की बोराच्या कुळातल्या काटेरी झुडपांची कामे उरकायला जेमतेम काही आठवडे उरतात.

पहिले काम बी. चुन्नांची पांढरी, पूर्ण पिकलेली फळे घ्या, गर चोळून काढा आणि आठोळ्या मिठाच्या पाण्यात टाका: दहा लिटर पाण्याला पावणेदोन किलो मीठ. तरंगतील त्या फेका. तळाच्या स्वच्छ धुऊन सावलीत सुकवा. बोराच्या आठोळ्यांनाही हीच रीत. आठोळी तशीच पेरली तर बोर उगवायला तीन-चार आठवडे लागतात, कारण कवच दगडासारखे. हातोडीने हलके फोडून आतला दाणा अखंड काढला तर आठवड्याभरात कोंब येतो. दाणा ठेचला की तो कुजणारच, म्हणून आठोळी कडेवर उभी धरून मारावी.

वाफ्यात रोपे करू नका. बोराचे सोटमूळ लवकर खोल जाते, उपटताना तुटते आणि रोपाची वाढ खुंटते. वीतभर खोल पिशवीत माती, रेती व कुजलेले शेणखत सारख्या भागाने भरून दाणा दोन सेंटिमीटर खोल लावा. पिशवीला खाली भोके हवीतच. जुलैच्या झडीत पाणी साचलेली पिशवी म्हणजे मेलेले रोप.

कलमी बोराची छाटणी राहिली असेल तर आताच करा. फळ नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत धरते. न छाटलेले झाड नुसते उंच होते. गेल्या वर्षीच्या फांद्यांचा शेंडा तिसरा हिस्सा तरी काढा. जाड कापांवर बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटरमध्ये, वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे. माड-पोफळीवाल्यांना कोयत्याची परीक्षा ठाऊकच आहे: घासलेले पाते बुडवून काढले आणि तांबूस चढले, तर चुना वाढवा.

झाडाखालची माती खुरपून उन्हात उघडी टाका. फळमाशीचे कोष तिथेच असतात. पडकी, किडकी बोरे कुंपणाकडे भिरकावण्याची सवय मात्र सोडा; माशी तिथूनच परत येते.

कुंपणासाठी चुन्नां आणि बुरगी (हेही बोराच्या कुळातले काटेरी झुडूप) दोन्ही चालतात, दोन ओळी तिरक्या, रोपांत दीड-दोन फूट. पण काजूच्या बागेला लागून लावू नका. दोन्ही झुडपे आधार मिळाला की वर चढतात, आणि मार्चनंतर बोंडे गोळा करताना वाकडे काटे पायात मोडतात. चढलेली असतील तर बुडख्याशी छाटा; पुन्हा फुटतील, म्हणून दरवर्षी.

याच कुळातल्या लोखंडी वेलीच्या मुळाच्या सालीतून पूर्वी लाल रंग काढत. या नावाची दुसरी झाडेही आहेत. हिची खूण म्हणजे फळाला एकच लांब पंख. मूळ खणले की वेल संपते, तेव्हा आहे ती राखा.